खानदेशची सभा आणि ध्वनिक्षेपकाचा आकडा

सार्वजनिक जीवनाच्या इतिहासात कोण काय बोलले याची नोंद पुष्कळ होते. ते बोलणे कितीजणांस स्पष्ट ऐकू गेले याची नोंद फारच थोडी होते. वस्तुतः वक्त्याइतकाच महत्त्वाचा असतो तो शेवटच्या रांगेतील श्रोता. त्याच्यापर्यंत शब्द शाबूत पोचला की नाही, हा प्रश्न वरवर कारागिराचा दिसला तरी मुळात लोकशाहीचा आहे. आज आम्ही याच प्रश्नाची एक बाजू आपल्या खानदेशच्या निमित्ताने पाहणार आहोत.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा रविवार प्रवचने दिली. २१ फेब्रुवारीस आरंभ झाला आणि १९ जूनला समाप्ती झाली. तेथे यंत्र नव्हते, त्याची गरजही नव्हती. समोर बसलेल्या राजबंद्यांपुरता मानवी कंठ पुरेसा होता, आणि भिंतीबाहेरच्या जगासाठी साने गुरुजींची लेखणी चालू होती. त्यानंतर पाचच वर्षांच्या आत, डिसेंबर १९३६ मध्ये, पूर्व खानदेशातील फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष पंडित नेहरू. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिले अधिवेशन. येथे श्रोते होते हजारो शेतकरी, आणि वर उघडे आकाश. तुरुंगातील बैठक व मोकळ्या रानातील महासभा यांत जे अंतर आहे, ते एकट्या कंठाने तुटण्यासारखे नव्हते. त्या दशकात काँग्रेसच्या मोठ्या सभांना ध्वनिक्षेपक पुरविण्याचे काम मुंबईच्या शिकागो रेडिओ या मोटवाने कुटुंबाच्या पेढीने पत्करले होते. स्वातंत्र्याच्या चळवळीचा इतिहास लिहिताना या तारा ओढणाऱ्या माणसांनाही एक ओळ दिली पाहिजे.

आता हे यंत्र कसे चालते ते पाहू. १९२५ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राइस आणि केलॉग या दोघांनी फिरत्या वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकावर निबंध वाचला. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, त्याला जोडलेला कागदी शंकू. विद्युत्प्रवाह बदलला की शंकू हलतो आणि हवा हलवितो. शंभर वर्षे लोटली तरी घरातल्या रेडिओपासून मंडपातल्या पेटीपर्यंत मुख्यतः हीच रचना आहे.

या वेटोळ्याच्या मागे एक आकडा छापलेला असतो: ४ ओहम, ८ ओहम, १६ ओहम. मंडपवाल्याचे पहिले गणित याच आकड्यावर चालते. कर्ण्यांच्या शंभर व्होल्टच्या तारेवर दहा वॉटचा एक कर्णा १,००० ओहमचा असतो. असे दहा कर्णे शेजारी शेजारी जोडले की एकूण १०० ओहम होतात आणि शंभर वॉटचा अँप्लिफायर पुरता गुंतला. अकरावा कर्णा जोडण्यापूर्वी थांबावे, एवढे ज्ञान या हिशेबाने मिळते, आणि तेवढ्यापुरते ते खरेही आहे.

परंतु हा आकडा केवळ नाव आहे. साध्या मीटरने पाहिले तर ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकाचे वेटोळे सहाच्या आसपास ओहम दाखविते. ही झाली तारेची निव्वळ अडवणूक, म्हणजे रोध. बदलत्या प्रवाहाला होणारी एकूण अडवणूक निराळी. तिला ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज तारायंत्रज्ञाने १८८६ साली इंपीडन्स हे नाव दिले. मराठीत आम्ही तिला संरोध म्हणतो. हा संरोध स्वराच्या पट्टीबरोबर बदलतो. का बदलतो हे आखाजीच्या झोक्यावरून ध्यानात येईल. झोक्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलकासा रेटा दिला तरी तो उंच जातो. शंकूलाही अशी एक स्वतःची लय असते. त्या लयीत तो जोराने हलतो, हलताना वेटोळ्यात उलटा दाब निर्माण करतो आणि येणाऱ्या प्रवाहाला मागे सारतो. तेथे ८ ओहमचे ३० किंवा ४० ओहमही होतात. पुढे तीव्र स्वरांकडे जावे तसा वेटोळ्याचा प्रवर्तक गुण वाढत जातो आणि संरोध पुन्हा चढू लागतो.

एकच कर्णा असता तर हे सारे चालून गेले असते. पण बोलपट आला तसे एका शंकूकडून खर्ज आणि तीव्र दोन्ही स्वर नीट वठत नाहीत हे उघड झाले. ज्या १९३६ साली फैजपूरला अधिवेशन भरले, त्याच साली अमेरिकेत शीअरर यांच्या नावाची दुपदरी ध्वनिक्षेपक योजना चित्रगृहांसाठी पुढे आली: खर्जासाठी एक, तीव्रासाठी दुसरा. दोन वाटेकरी आले की वाटणी करणारा पंच लागतो. स्वरांची वाटणी करणाऱ्या या मंडलालाच क्रॉसओव्हर म्हणतात.

या पंचाची फसगत छापील आकड्यामुळे कशी होते ते एका उदाहरणाने पाहू. ३,००० हर्ट्झला वाटणी करावयाची आहे. छापील ८ ओहम धरून खर्जाच्या वाटेवर ०.४२ मिलिहेन्रीचे वेटोळे घातले. अपेक्षा अशी की १२,००० हर्ट्झला खर्जाच्या शंकूकडे चौथाईच दाब जावा. पण वूफरचा रोध ६ ओहम आणि प्रवर्तकत्व अर्धा मिलिहेन्री असेल, तर ३,००० हर्ट्झलाच त्याचा संरोध ११ ओहम झालेला असतो आणि १२,००० ला तो ३८ वर जातो. परिणामी तेथे चौथाईऐवजी अर्ध्याहून अधिक दाब त्याच्याकडे जातो. याहून वर कितीही गेलो तरी तो अर्ध्याखाली उतरत नाही, कारण दोन्ही वेटोळी सारख्याच वेगाने चढत असतात. म्हणजे पंच नेमला, पण वाटणी झालीच नाही.

याचे फळ श्रोत्याला भोगावे लागते. दोन्ही शंकू एकच तीव्र स्वर बोलू लागतात. बाजूला बसलेल्या श्रोत्यापासून त्यांची अंतरे सारखी नसतात. ३,००० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेअकरा सेंटीमीटर. एकाच तालात निघालेल्या दोन आवाजांत अंतराचा फरक पावणेसहा सेंटीमीटरचा पडला की ते एकमेकांस खाऊन टाकतात. स्वर मुख्यतः खालच्या पट्टीत असतात, ते टिकतात; स, श, च, त यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत असतात, ती मरतात. केळीचा किंवा कापसाचा भाव पुकारताना ‘साठ’मधला ‘स’ गळाला तर ऐकणाऱ्याला ‘आठ’ ऐकू येते. आवाज मोठा केल्याने हा दोष जात नाही. गोंगाट तेवढा वाढतो.

उपाय अवघड नाही. अमेरिकन टेलिफोन कंपनीतील ओटो झोबेल यांनी १९२०च्या दशकात गाळणीच्या मंडलांचे जे शास्त्र मांडले, त्यातून तो निघाला. वरील वूफरला समांतर ६ ओहमचा रोध आणि १४ मायक्रोफॅरडचा धारित्र यांची जोडी लावावी. धारित्राचा गुण वेटोळ्याच्या गुणाच्या उलट असल्यामुळे तीव्र स्वरांत संरोध ६ ओहमच्या आसपास स्थिर राहतो. मग वाटणीचे वेटोळे ८ वर न काढता ६ वर काढावे, ते ०.३२ मिलिहेन्रीचे येते, आणि पंच आपले काम करू लागतो.

मात्र हे सर्व मोजल्यावाचून होत नाही. मोजणीला स्वरजनक, १,००० ओहमचा एक रोध आणि तीव्र स्वरांतही खरे बोलणारा मीटर एवढे पुरते. रोध ध्वनिक्षेपकाच्या मालिकेत जोडावा. प्रथम ध्वनिक्षेपकाच्या जागी १० ओहमचा रोध ठेवून मीटरचा अंक टिपावा. मग ध्वनिक्षेपक लावून एकेका पट्टीला अंक पाहावा. अंक दुप्पट तर संरोध सुमारे २० ओहम. कागदावर बिंदू जोडले की त्या ध्वनिक्षेपकाची कुंडली तयार होते. १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी दाखवून दिले की याच वक्ररेषेच्या आधारे पेटीचे मापही काढता येते. आज तेच काम संगणक काही क्षणांत करतो. पण वक्र वाचावयाचा तो माणसानेच.

फैजपूरच्या काळी आवाज दूरवर नेणे हाच मोठा पराक्रम होता. त्या पिढीने तो केला. आवाज दूर जाणे आता सोपे झाले आहे. शब्द शाबूत जाणे अजून सोपे झालेले नाही. जळगाव आणि धुळे येथील सभामंडपांत ध्वनिक्षेपक बसविणाऱ्या तरुणांनी पेटीमागचा आकडा वाचून न थांबता एकदा स्वतः मोजून पाहावे, अशी आमची विनंती आहे. कारण सभेच्या कडेला बसलेली बाई आणि शेवटच्या रांगेतला शेतकरी हेही त्या सभेचे सभासदच आहेत, आणि त्यांना ‘साठ’चे ‘साठ’च ऐकू येण्याचा हक्क आहे.