ख्रिस्ती प्रार्थना : नवदीक्षितांचा पहिला पाठ

बाप्तिस्म्यानंतर पहिल्यांदाच एकांतात प्रार्थनेला बसलेल्या माणसाला एक अडचण हमखास जाणवते. देवाशी बोलायचे असते. पण सुरुवात कशी करावी, काय मागावे, किती वेळ बोलावे, हे उमगत नाही. मंडळीतील जुनी माणसे उभी राहून अस्खलित प्रार्थना करतात, आपल्याला मात्र चार वाक्येही जुळवता येत नाहीत. तेव्हा आपली श्रद्धाच कच्ची असावी, हा समज मनात घर करतो. ख्रिस्ती धर्माचा इतिहास पाहिला, तर हा समज निराधार ठरतो. प्रार्थना शिकावी लागते, हे या धर्माने प्रारंभापासूनच गृहीत धरले आहे.

शिष्यांची विनंती

लूकच्या शुभवर्तमानातील अकराव्या अध्यायाचा आरंभच या प्रश्नाने होतो. येशू प्रार्थना करीत असताना शिष्य त्याला पाहतात आणि योहानाने आपल्या शिष्यांना शिकवले, तसे आम्हालाही शिकवा, अशी विनंती करतात. हे शिष्य लहानपणापासून यहुदी प्रार्थनांच्या वातावरणात वाढलेले होते. तरीही त्यांना शिकण्याची गरज वाटली. त्यावर येशूने जी प्रार्थना दिली, ती 'प्रभूची प्रार्थना' म्हणून ओळखली जाते. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनात, तिचे काहीसे विस्तृत रूप आढळते.

या प्रार्थनेची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रथम देवाला पिता म्हणून संबोधन. मग त्याचे नाव, त्याचे राज्य आणि त्याची इच्छा यांविषयीच्या विनंत्या. त्यानंतर रोजची भाकर, अपराधांची क्षमा आणि मोह व दुष्टतेपासून सुटका. स्वतःच्या गरजा मागण्यास मज्जाव नाही. मात्र त्यांचा क्रम नंतरचा आहे. शिवाय, संपूर्ण प्रार्थनेत 'मी' हा शब्द कोठेही नाही. सर्वत्र 'आम्ही' आहे. एकट्याने म्हटली तरी ती सर्वांची प्रार्थना राहते.

याच प्रवचनात दोन इशारेही आहेत. लोकांना दिसावे म्हणून प्रार्थना करू नये, खोलीचे दार लावून करावी. आणि पुष्कळ बोलल्याने देव ऐकतो, असे मानू नये. अस्खलित बोलता येत नाही म्हणून संकोचणाऱ्या नवदीक्षिताला दुसऱ्या इशाऱ्यात मोठाच दिलासा आहे.

आधी पाठांतर, मग उच्चार

'दिदाखे' या आद्य ख्रिस्ती ग्रंथात ही प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणण्याची सूचना आहे. पुढील शतकांत बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना दीर्घ काळ शिक्षण देण्याची पद्धत रूढ झाली. चौथ्या-पाचव्या शतकात अनेक ठिकाणी प्रभूची प्रार्थना बाहेरच्यांना सांगितली जात नसे. देवाला पिता म्हणण्याचा अधिकार बाप्तिस्म्याने मिळतो, अशी त्यामागची धारणा होती. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथे बिशप असलेले संत ऑगस्टीन बाप्तिस्म्यापूर्वी उमेदवारांना ती प्रार्थना अर्थासह सोपवीत आणि काही दिवसांनी त्यांच्याकडून म्हणवून घेत. श्रद्धेच्या अंगीकाराचे पाठांतर करून घेताना त्यांनी उमेदवारांना धीर दिल्याचे त्यांच्या प्रवचनांत दिसते. चुकलात तरी घाबरू नका, आम्ही छडी घेतलेले मास्तर नसून तुमचे पालक आहोत, असा त्याचा आशय आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ साली, कॅथॉलिक चर्चने प्रौढांच्या दीक्षेचा हा जुना क्रम पुन्हा सुरू केला. त्यानुसार ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यात दीक्षार्थींना प्रभूची प्रार्थना सोपवली जाते.

केशकर्तनकारासाठी लिहिलेले पुस्तक

प्रोटेस्टंट परंपरेतही असेच एक उदाहरण आहे. विटेनबर्ग येथील पीटर बेस्केनडॉर्फ या केशकर्तनकाराने प्रार्थना कशी करावी, असे मार्टिन ल्यूथर यांना विचारले. उत्तरादाखल ल्यूथर यांनी १५३५ साली एक छोटे पुस्तक लिहिले. प्रभूची प्रार्थना व दहा आज्ञा यांतील एकेक वचन घेऊन त्यावर थांबावे, असे ते सुचवतात. प्रत्येक आज्ञेतून शिकवण, आभार, पापकबुली आणि विनंती असे चार पदर त्यांनी उलगडून दाखवले. वस्तरा चालवताना चित्त इतरत्र गेले तर काय होईल, हा दाखला त्यांनी विचारणाऱ्याच्या धंद्यातूनच दिला. मनात स्वतःचे विचार येऊ लागले, तर ठरलेले शब्द बाजूला ठेवून त्यांना वाट द्यावी, असेही ते सांगतात.

मराठीतील वाट

प्रार्थनेची भाषा कोणती असावी, हा प्रश्न आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वीच उभा राहिला. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी नवख्रिस्ती लोकांसाठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली छापले गेले. पंडिता रमाबाई यांनी सामान्य स्त्रियांनाही कळावे म्हणून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. १९२२ साली निधनापूर्वी त्यांनी ते पूर्णत्वास नेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी संतांच्या अभंग-ओवीची परंपरा ख्रिस्ती उपासनेत आणली. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांच्या अनेक रचना आहेत. श्रद्धा नवी असली तरी आईची भाषा सोडावी लागत नाही, हे या तिघांच्या कार्यातून दिसून येते.

आरंभ कसा करावा

विविध पंथांच्या शिकवणीत काही गोष्टी समान आढळतात. दिवसातील एक ठरावीक वेळ निवडावी. सुरुवातीला पाच-दहा मिनिटे पुरेशी होत. प्रभूची प्रार्थना सावकाश, एकेका विनंतीवर थांबत म्हणावी. त्यानंतर स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी एखादे वाचावे. त्यांत स्तुतीबरोबर तक्रार, भय आणि रागही आहे. देवापुढे केवळ गोड बोलावे लागत नाही, हे त्यावरून कळते. शेवटी दिवसातील एका गोष्टीबद्दल आभार, एका चुकीची कबुली आणि दुसऱ्या कोणासाठी तरी एक विनंती, एवढे स्वतःच्या शब्दांत बोलावे. काही क्षण शांत बसणे हाही प्रार्थनेचाच भाग मानला जातो. पंथभेदानुसार जपमाळ, छापील उपासनाविधी किंवा उत्स्फूर्त प्रार्थना यांची जोड मिळते.

मागितले ते मिळाले नाही, तर काय, हा प्रश्न आज ना उद्या येतोच. गेथशेमाने बागेत खुद्द येशूनेही दुःखाचा प्याला टळावा, असे मागितले आणि अखेर पित्याची इच्छा स्वीकारली, याकडे धर्मशिक्षक लक्ष वेधतात. प्रार्थना कशी करावी, हे आपल्याला कळत नाही, अशी कबुली संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात दिली आहे. आपल्या दुर्बलतेत पवित्र आत्मा साहाय्य करतो, असेही तो तेथेच म्हणतो. शब्द न सुचणारा नवदीक्षित त्यामुळे एकटा नाही. उसन्या शब्दांनी आरंभ करण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. शिष्यांनीही तसाच आरंभ केला होता.