प्रथिनांचं माप आणि जड हायड्रोजन

कसालहून बोलतोय. आमच्याकडे भातलावणीच्या दिवसांत कुणाला ताप भरला की पहिला प्रश्न ठरलेला: लेप्टो की मलेरिया? वरून ताप सारखाच दिसतो. रक्तात मात्र काही प्रथिनं वाढतात, काही घटतात. पण ‘वाढतात’ म्हणजे किती, हे खात्रीने सांगायला बरीच वर्षं गेली. आजचा भाग त्या इतिहासाचा.

हे काम करणारं यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. प्रथिनाचा तुकडा किती जड आहे, ते हे यंत्र अचूक सांगतं. पण असे तुकडे एकूण किती, हे विचारलं की गडबड. काही तुकडे चटकन विद्युतभार घेतात आणि आलेखावर उंच दिसतात. काही लाजाळू, भरपूर असूनही खुजे दिसतात. त्यात यंत्र सकाळी एक सांगतं, दुपारी दुसरं. आमच्या धंद्यात दोन प्रोग्रॅमचा वेग दोन वेगळ्या सर्व्हरवर मोजून तुलना केली तर कुणी ऐकूनही घेणार नाही. इथे अडचण तीच होती.

तोड ज्या गोष्टीतून निघाली ती जुनी आहे. हॅरल्ड यूरी यांनी १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, शोधला. वागायला जवळपास साध्या हायड्रोजनसारखा, वजनाला दुप्पट. (अलिबागजवळच्या थळला जड पाण्याचा कारखाना आहे ना, त्या पाण्यातलं जडपण हेच. ते अणुभट्ट्यांसाठी असतं.) हिटलर आल्यावर १९३३ मध्ये जर्मनी सोडलेले रुडॉल्फ शोनहायमर याच कोलंबियात पोचले. यूरींकडून आलेल्या डेव्हिड रिटनबर्गना सोबत घेऊन त्यांनी जड अणूंची खूण केलेलं अन्न उंदरांना दिलं. पुढे जड नायट्रोजनही वापरला. उंदरांची वजनं स्थिर होती, तरी खुणेचा निम्म्याहून जास्त नायट्रोजन शरीरातल्या प्रथिनांत जाऊन बसलेला सापडला! तोवर समज असा की मोठ्या प्राण्याचं शरीर म्हणजे तयार इंजिन, अन्न हे नुसतं इंधन. प्रत्यक्षात इंजिनच रोज थोडं थोडं मोडून परत बांधलं जात होतं. मला या सगळ्या इतिहासातला हा प्रयोग सर्वांत थोर वाटतो. शोनहायमर १९४१ मध्ये वारले, अवघ्या ४३ व्या वर्षी.

प्रथिनं मोजायला हीच खूण वेगळ्या तऱ्हेने कामी आली. एक नमुना साधा ठेवायचा, दुसरा जड करायचा, मग दोन्ही एकत्र मिसळून यंत्रात सोडायचे. प्रत्येक तुकड्याची जुळी शिखरं शेजारी शेजारी उमटतात. यंत्राचा लहरीपणा दोघांनाही सारखाच लागतो, त्यामुळे उंचीचं गुणोत्तर विश्वासाचं.

१९९९ मध्ये सिएटलला रूडी एबरसोल्ड यांच्या गटाने ड्युटेरियमचे आठ अणू असलेली चिठ्ठीच प्रथिनांना चिकटवली. २००२ मध्ये डेन्मार्कला मथियास मान यांच्या गटाने पेशींनाच जड ल्युसीन खाऊ घातलं. ल्युसीन पेशीला स्वतः बनवता येत नाही, मिळेल ते घ्यावं लागतं. पाचेक पिढ्यांत सगळी प्रथिनं जड! या पद्धतीचं नाव सायलॅक. त्या शोधनिबंधावर अखिलेश पांडे यांचंही नाव आहे, बंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्स उभी करणारे.

ड्युटेरियमची एक खोड मात्र निघाली. यंत्रात शिरण्याआधी तुकडे एका बारीक नळीतून वेगळे केले जातात, तिथे जड जुळा किंचित आधी बाहेर पडतो. दोघं एकाच क्षणी मोजले जात नाहीत, म्हणजे मूळ युक्तीच लंगडी. म्हणून पुढे कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ आले.

राहिला आपला तापाचा माणूस. त्याला जड ल्युसीनवर वाढवता येत नाही. रक्त घेतल्यावर खूण लावावी लागते. आयट्रॅक ही तशी पद्धत २००४ ची. पवईच्या आयआयटीत संजीवा श्रीवास्तव यांच्या गटाने २०१२ मध्ये लेप्टोच्या रुग्णांच्या रक्तातल्या प्रथिनांवर काम प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यांनी खुणेला चमकणारे रंग वापरले. रंगवलेले नमुने एकाच जेलवर सोडले आणि प्रथिनं ओळखायला मास स्पेक्ट्रोमीटर घेतला. तुलनेला निरोगी माणसं होतीच, शिवाय मलेरियाचे रुग्णही घेतले होते. नुसत्या निरोग्यांशी ताडून पाहिलं असतं तर जो फरक दिसला असता, तो लेप्टोचा की कुठल्याही तापाचा, हे कळलं नसतं.