प्राणवायूचें विष व खारजमिनींतील पिकें

कोंकणच्या किनाऱ्यावर उधाणानें खारजमिनीचा बांध फुटला, तर नुकसान त्या एका दिवसाचें नसतें. पाणी ओहोटीबरोबर परत जातें, मीठ मागें राहतें, आणि पुढें लावलेल्या भाताचीं पानें शेंड्यापासून करपूं लागतात. या बांधांच्या रक्षणासाठीं मुंबई सरकारला १९४८ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला. पान करपतें तें मिठानें, ही समजूत खोटी नाहीं, पण अपुरी आहे. मिठाचा एक साथीदार असतो, आणि तो म्हणजे ज्यावर सारी जीवसृष्टि जगते तो प्राणवायु.

या साथीदाराचा माग लागावयास दीडशें वर्षें गेलीं. १८१८ सालीं थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें बेरियमच्या एका संयुगावर आम्लाची क्रिया करून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार केलें. पुढें १९०१ सालीं ओस्कर लोएव या जर्मन पंडितानें, अमेरिकेच्या शेतकी खात्यांत तंबाखूच्या पानांचा अभ्यास करीत असतां, पेरॉक्साइड फोडून त्याचें पाणी व प्राणवायु करणारें एक एन्झाइम वर्णिलें व त्याला ‘कॅटलेझ’ हें नांव दिलें. पानांत हें विष निर्माणच होत नसेल, तर तें फोडणारें द्रव्य तेथें असावें कशाला? या प्रश्नाच्या उत्तराचा महत्त्वाचा भाग १९५१ सालीं मेहलर यानें दिला. हरितकणांवर प्रकाश पडला असतां ते स्वतःच प्राणवायूपासून पेरॉक्साइड बनवितात, असें त्यानें दाखविलें.

मधल्या काळांतील एक प्रकरण मोठें मौजेचें आहे. केंब्रिज येथें मॅन व केलिन यांनीं १९३८ सालीं बैलाच्या रक्तांतून तांबें असलेलें एक निळसर प्रथिन वेगळें केलें. त्याचें काम कोणास उमगेना. रक्तांतील तांब्याचा तो सांठा असावा, असें मानून विद्वान स्वस्थ बसले. एकतीस वर्षांनीं, १९६९ सालीं, अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनीं सिद्ध केलें कीं, हें प्रथिन म्हणजे एक अत्यंत वेगवान एन्झाइम असून, ‘सुपरऑक्साइड’ या प्राणवायूच्या दाहक रूपाचा तें नाश करतें. जें कोठार म्हणून गणलें गेलें, तो वस्तुतः पहारेकरी होता!

वनस्पतींतही हा पहारेकरी आढळला. पण त्याच्या कामानंतर उरतें तें पेरॉक्साइडच. हरितकणांत त्याची विल्हेवाट कशी लागते, याची सांखळी १९७६ सालीं फॉयर व हॅलिवेल यांनीं इंग्लंडांत सुचविली, आणि जपानांत असाडा यांनीं ती पुढें पक्की केली. तींतील मुख्य द्रव्य म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व. लिंबानें हें जीवनसत्त्व मनुष्याच्या हिरड्यांसाठीं बनविलें नव्हतें, एवढें यावरून उघड होतें.

मिठाचा संबंध येतो तो येथें. जमीन खारी झाली कीं मुळांना पाणी ओढतां येत नाहीं. असलेलें पाणी वांचविण्यासाठीं पर्णरंध्रें मिटतात, आणि त्याबरोबर कर्बाम्लवायूची वाटही बंद होते. ऊन मात्र थांबत नाहीं. हरितकणांनीं प्रकाशाच्या बळावर सोडविलेले इलेक्ट्रॉन कर्बाम्लवायूच्या कामीं लागेनात म्हणजे ते प्राणवायूवर जाऊन पडतात, व सुपरऑक्साइड वाढतें. पानांत शिरलेलें सोडियम या गोंधळांत भर घालतें. स्पेनमधील संशोधकांनीं १९९३ सालीं वाटाण्याच्या दोन जाती खाऱ्या पाण्यावर वाढवून तुलना केली. नाजूक जातीच्या पेशींतील श्वसनकणांत सुपरऑक्साइड वाढलें व पहारेकरी घटले. काटक जातींत पहारेकरी वाढले.

एवढ्यावरून एखादें एन्झाइम वाढविलें कीं पीक खारजमिनींत डोलूं लागेल, असें मानण्याचा उतावीळपणा कांहीं ठिकाणीं झाला. सुपरऑक्साइड मारणारेंच तेवढें वाढवून पेरॉक्साइड निस्तरणारें मागें राहिलें, तर एका विषाच्या जागीं दुसरें येतें. शिवाय थोडें विष वनस्पतीला हवेंच असतें. मोहरीच्या कुळांतील ॲराबिडॉप्सिस या रोपांत तें मुद्दाम निर्माण करणारीं दोन एन्झाइमें निकामी केलीं असतां रोपें मिठापुढें अधिकच दुबळीं ठरलीं, असें २०१२ सालीं दिसून आलें. कारण हें विषच अल्प प्रमाणांत निरोप्याचें काम करतें, व सोडियम आवरण्याची सूचना देतें.

भाताची मोठी शक्ति तर मीठ पानापर्यंत पोंचूं न देण्यांत आहे. ‘नोना बोकरा’ या बंगालच्या खारट मुलखांतील जुन्या भातांत, वर चढणाऱ्या रसांतील सोडियम वाटेंतच काढून घेणारा जनुक २००५ सालीं चिनी संशोधकांनीं ओळखला. तेथून निसटेल त्या मिठाच्या दाहाशीं झुंज देणें, हें पानांतील पहारेकऱ्यांचें काम. गोव्याच्या खाजणांतील ‘कोरगुट’ हें असेंच मीठ सोसणारें जुनें भात. पावसानें जमिनींतील मीठ धुऊन निघाल्यावर त्याचा हंगाम सुरू होतो, आणि बांधांतील ‘मानस’ हें दार भरतीला मिटतें व ओहोटीला उघडतें.