घडत राहणारं शरीर

लिंगओळख आणि शिल्पकला असा विषय निघाला, की श्रोत्यांमधून पहिलं नाव येतं ते घारापुरीच्या अर्धनारीश्वराचं. साहजिकच आहे. उजवं अंग पुरुषाचं, डावं स्त्रीचं. पण तिथे बदल नाही. दोन्ही अंगं एकत्र, आणि कायमची. आज आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. एका ओळखीतून दुसरीकडे निघालेलं शरीर शिल्पात दाखवायचं कसं? शिल्प तर स्थिर असतं.

एक वाट १९७२ साली एलिनॉर अँटिन या अमेरिकन कलावतीने दाखवली, तीही जरा खट्याळपणे. कलाकृतीचं नाव 'कार्व्हिंग : अ ट्रॅडिशनल स्कल्प्चर'. प्रत्यक्षात ना छिन्नी, ना संगमरवर. त्यांनी ३७ दिवस डाएट केलं आणि रोज चार बाजूंनी स्वतःचे विवस्त्र फोटो काढले, एकूण १४८. बाईने स्वतःला किती तासत राहायचं, असा तो टोमणा होता.

साधारण चाळीस वर्षांनी कॅसिल्स या ट्रान्स कलावंतांनी तेच सूत्र उलटं फिरवलं. (इंग्रजीत ते स्वतःसाठी अनेकवचनी सर्वनाम वापरतात. मराठीत आदरार्थी बहुवचनाने आपली अर्धीच सोय होते, कारण 'ते' म्हटलं की डोळ्यांपुढे पुरुषच येतो.) अँटिननी शरीर तासलं, कॅसिल्सनी ते लिंपत नेलं : व्यायाम आणि आहाराच्या जोरावर २३ आठवड्यांत २३ पौंड, म्हणजे साडेदहा किलो वजन वाढवलं. शस्त्रक्रिया नाही. त्यांच्या मते ट्रान्स असणं म्हणजे एका काठावरून दुसऱ्या काठावर उतरणं नव्हे, ते सतत घडत राहणं आहे.

आमच्या मते त्यांचं सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र २०१२चं, 'बिकमिंग अ‍ॅन इमेज'. लॉस एंजेलिसच्या एका समलिंगी इतिहास-संग्रहासाठी ते केलं, आणि रोख होता त्या संग्रहात ज्यांच्या खुणाच नाहीत अशा ट्रान्स माणसांकडे. मिट्ट काळोख. मध्ये सुमारे ९०० किलो मातीचा ठोकळा. कॅसिल्स त्यावर लाथाबुक्क्यांनी तुटून पडतात. प्रेक्षकांना ऐकू येतो फक्त श्वास आणि मातीवरचे धपके. फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला की क्षणभर दिसतं, पुन्हा अंधार. घडणं असं तुकड्यातुकड्यांनीच दिसतं. आणि मार खाणारी ती माती कोणाची, हेही प्रेक्षकांना हळूहळू कळत जातं.

अशाच एका ठोकळ्याचा पुढे ब्राँझमध्ये साचा घेतला, सुमारे ८६० किलोचा. इथे शंका येते : म्हणजे अखेर पुतळाच झाला, गोठलाच की! पण २०१७ साली अमेरिकेतल्या ओमाहा शहरात कॅसिल्सनी आणि तिथल्या समलिंगी व ट्रान्स रहिवाशांनी तो ठोकळा रस्त्यांवरून हातांनी ढकलत नेला. ठोशांचे खळगे ब्राँझमध्ये जसेच्या तसे होते.