यात्रेचा तमाशा : विनातिकीट रात्रीची कुळकथा

ग्रामदैवताच्या यात्रेत गावाने वर्गणी काढून आणलेला, उघड्यावर होणारा आणि कोणालाही तिकीट नसलेला खेळ म्हणजे यात्रेचा तमाशा. बारामती-इंदापूर पट्ट्यात भैरवनाथ, खंडोबा, बिरोबा यांच्या पुष्कळ यात्रा चैत्र-वैशाखात भरतात. तोवर साखर कारखान्यांचे गाळप आटोपत आलेले असते आणि शिवारातली कामे सैल पडलेली असतात. दिवसा नैवेद्य आणि शेरणी, रात्री पालखीचा छबिना, मग तमाशा, दुसऱ्या सकाळी त्याच फडाची हजेरी आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा, असा यात्रेचा क्रम गावोगावी रुळलेला आहे.

तमाशाचे आजचे रूप उत्तर पेशवाईत घडू लागले. अनंत फंदी, राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम या शाहिरांच्या लावण्या-पोवाड्यांनी त्याचा गाभा तयार केला. या घडणीत बारामतीचाही धागा आहे. पंडितकवी मोरोपंत (१७२९–१७९४) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहत होते, आणि त्यांच्या आर्या कीर्तनांतून गावोगावी पोचवल्या त्या लावणीकार म्हणून गाजलेल्या राम जोशींनी. फड आणि कीर्तन यांच्यात पुढे मानली गेलेली दरी त्या काळात एक माणूस सहज ओलांडत होता.

१८१८ साली पेशवाई संपली आणि दरबारचा आश्रय गेला. तमाशा त्यानंतर तगला तो मुख्यतः गावांच्या यात्रांवर. तोवर गाणे-नाचणे आणि विनोदापुरता असलेला खेळ पुढे सलग कथेकडे वळला. १८६५ च्या सुमारास सावळजकरांच्या फडाने आणलेला ‘मोहना बटाव’ हा पहिला वग, म्हणजे असा कथेचा खेळ, मानला जातो. पुढच्या पिढीत पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांनी हा प्रकार शिखराला नेला.

खेळाची रचना या उघड्या जागेतूनच समजते. भिंत नाही, दार नाही, प्रेक्षक जमलेला आहे की नाही याची खात्री नाही. म्हणून आधी ढोलकी आणि हलगी कडाडते, तिचा आवाज वस्त्या-वाड्यांपर्यंत जातो आणि माणसे घोंगड्या-पोती घेऊन येऊ लागतात. गण होतो तोवर बैठक भरते. गवळणीत मावशी आणि पेंद्या हसवतात, आणि ज्याला उशीर झाला त्याचे काही हुकत नाही. बतावणीत सोंगाड्या गावातली ताजी घटना, पुढाऱ्याची लकब, पावसाची हुलकावणी असे काहीही ओढून आणतो. समोरून टोमणा आला तर त्यालाही तिथेच उत्तर मिळते. सगळे स्थिरावले की वग, आणि तो पूर्वी पहाटेपर्यंत चाले. तिकीट काढून बसलेल्याला जागेवर ठेवावे लागत नाही. इथला प्रेक्षक कधीही उठून जाऊ शकतो, आणि त्याला धरून ठेवण्याचे कसब हीच तमासगिराची खरी विद्या आहे. हजेरी त्याहून अवघड. सकाळच्या उन्हात, देवळापुढे, रात्रभर जागलेल्या गळ्याने गावे लागते. दोन फड आले असतील तर सवाल-जवाब रंगतात.

प्रेक्षकाला फुकट असलेल्या या रात्रीचा खर्च गाव वाटून घेते. यात्रा कमिटी उंबऱ्यामागे वर्गणी ठरवते आणि कमिटीची माणसे सुपारी द्यायला निघतात. यासाठीचे मोठे ठिकाण म्हणजे जुन्नर तालुक्यातील नारायणगाव. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात. तारीख, बिदागी, कलावंतांची संख्या बोलून ठरते आणि विसार दिला जातो. दसऱ्याला बाहेर पडलेले फड पाडव्यापर्यंत तंबूत तिकिटाचे खेळ करतात. चैत्रानंतरची मिळकत मात्र सुपाऱ्यांची. नारायणगावच्याच तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग (१९३५–२००२) यांना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, तरी त्यांची अखेरची वर्षे हलाखीत गेली. महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या कलावंतांनी ही कला जगवली. तिच्यावर रात्र काढणाऱ्या गावांनी त्यांना मान मात्र हात राखून दिला. गावातल्या बायकाही दीर्घकाळ या बैठकीबाहेरच राहिल्या. त्यांच्या वाट्याला कीर्तन आणि भारूड होते.

याच उघड्या फडातून आणखी फांद्या फुटल्या. सत्यशोधक जलशांनी आणि नंतर आंबेडकरी जलशांनी गण-गवळणीच्या चौकटीत समाजसुधारणेचा विचार बसवला. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने तमाशावर बंदी आणली. ती उठली तेव्हा संहिता तपासणीची अट लागली, आणि ‘लोकनाट्य’ हे नाव फडांच्या पाट्यांवर स्थिरावले.

रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचे नियम २००० साली आले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. पहाटेपर्यंतचा वग त्यामुळे आखडला. हजेरी दिवसाची असल्याने तिला हा अडसर नाही. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे यात्राच भरल्या नाहीत आणि फडांच्या सलग दोन हंगामांच्या सुपाऱ्या बुडाल्या. निर्बंध उठल्यावर २०२२ च्या चैत्रापासून यात्रा पुन्हा भरू लागल्या.