घरगुती फ्यूजची तपासणी

फ्यूज किंवा वितळतार हा विद्युत मंडलात हेतुतः कमकुवत ठेवलेला दुवा होय. मर्यादेपेक्षा अधिक विद्युतप्रवाह वाहू लागल्यास तार तापून वितळते, मंडल खंडित होते आणि वायरिंगला आग लागण्याचा धोका टळतो. सातारा व सांगली जिल्ह्यांत महावितरण घरगुती ग्राहकांना २३० व्होल्ट दाबाने सिंगल फेज वीज पुरवते. नव्या घरांत फ्यूजची जागा एमसीबीने घेतली असली, तरी जुन्या घरांत चिनी मातीचे ‘किटकॅट’ फ्यूज आढळतात.

रचना

किटकॅट फ्यूजचे दोन भाग असतात : बोर्डावर पक्का बसवलेला पाया आणि ओढून काढता येणारी पकड. पकडीतील दोन स्क्रूंमध्ये तार ताणलेली असते. दिव्यांच्या मंडलाला सामान्यतः ५, तर अधिक वीज घेणाऱ्या उपकरणांच्या मंडलाला १५ अँपिअरची तार वापरली जाते. २,००० वॉटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेत असल्याने ५ अँपिअरची तार त्यावर टिकत नाही.

तपासणी

प्रथम मेन स्विच बंद करून कोरड्या हातांनी पकड बाहेर काढतात. तुटलेली तार किंवा काजळीचा डाग सहसा डोळ्यांना दिसतो. सूक्ष्म तूट ओळखण्यासाठी मल्टिमीटरची टोके पकडीच्या दोन्ही पट्ट्यांना लावतात; रोध शून्याजवळ आल्यास तार अखंड असते. फ्यूज पायात असताना ही चाचणी करू नये. जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रलवरही फ्यूज असतो. तो वितळल्यास दिवे विझतात, परंतु फेजच्या वायरीत वीज कायम राहते.

तार बदलणे

नवी तार मूळ क्षमतेचीच असावी. तांब्याची जाड तार घातल्यास फ्यूजऐवजी भिंतीतील वायर तापते. नवी तारही लगेच वितळल्यास शॉर्टसर्किट किंवा अतिरिक्त भार शोधणे आवश्यक ठरते. खांबावरील फ्यूज महावितरणच्या अखत्यारीत असून ग्राहकाने त्याला हात लावू नये. त्यासाठी १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

मर्यादा

ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मध्ये कृष्णेच्या पुराचे पाणी सांगलीतील अनेक घरांत शिरले. अशा घरांत फ्यूज अखंड आढळला, तरी वायरिंग सुरक्षित ठरत नाही. ओल्या भिंतीतून शरीरात वाहणारा काही दशक मिलिअँपिअरचा प्रवाहही प्राणघातक ठरू शकतो. ५ अँपिअरची तार मात्र त्याने वितळत नाही. फ्यूज वायरिंगचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवतात. पुरानंतर परवानाधारक विद्युत तंत्रज्ञाने मेगरने वायरींचे विद्युतरोधन तपासल्यावरच मेन स्विच चालू करणे योग्य असते.