दुसऱ्यांच्या सुट्टीतली नोकरी

सुट्टी ही गोष्ट मोठी गमतीची आहे. ती सगळ्यांना एकाच वेळी कधीच मिळत नाही. दिवाळीत आपण गावी निघतो, तेव्हा एसटीचे चालक-वाहक जादा गाड्यांवर असतात. मे महिन्यात आपण मुलांना पाळण्यात बसवतो, तेव्हा पाळणा चालवणारा उन्हात उभा असतो. एकाची सुट्टी म्हणजे दुसऱ्याची जादा पाळी. या जादा पाळीचा एक बोलका इतिहास पाहायचा असेल, तर आपल्याला अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, अनाहाइम या गावी जावं लागेल.

१७ जुलै १९५५. रविवार. वॉल्ट डिस्ने यांच्या डिस्नेलँडचं उद्घाटन. साऱ्या अमेरिकेत ते दूरचित्रवाणीवर थेट दिसत होतं. सूत्रसंचालकांपैकी एक होते रोनाल्ड रेगन, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले तेच. अवघ्या एका वर्षात उभारलेली ही बाग पुरती तयार झालेली नव्हती. ऊन कडक होतं. नव्या डांबरात बायकांच्या उंच टाचा रुतत होत्या. नळकामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे होते. बनावट निमंत्रणपत्रिका घेऊन हजारो लोक आत शिरले होते. या साऱ्यांचा राग झेलायला समोर कोण होतं? नुकतीच नोकरीला लागलेली तरुण मुलं-मुली. पुढच्या दोन महिन्यांच्या आतच पाहुण्यांचा आकडा दहा लाखांवर गेला.

या मुलांना शिकवण्याचं काम व्हॅन फ्रान्स या गृहस्थांकडे होतं. त्यांची शिकवण साधी होती. तुम्ही कोणतंही काम करत असा, तुमचं खरं काम लोकांना आनंद देण्याचं. तिथे नोकरीची सारी भाषाच नाटकाची झाली. नोकर म्हणजे नटसंचातला सदस्य. गणवेश म्हणजे वेशभूषा. गिऱ्हाईक म्हणजे पाहुणा. लोकांसमोरची जागा म्हणजे रंगमंच, आणि जेवणाचा डबा उघडायची जागा म्हणजे पडद्यामागची बाजू.

नाटकाच्या या भाषेत एक खोच आहे. रंगमंचावरचा नट दोन-तीन तास हसतो आणि रंग पुसून घरी जातो. इथे मात्र आठ तास हसायचं असतं, आणि तेही ऐन गर्दीत. जॉन व्हॅन मानेन या समाजशास्त्रज्ञाने विद्यार्थिदशेत डिस्नेलँडमध्ये काम केलं होतं. १९९१ मध्ये त्याने या कामावर निबंध लिहिला, त्याचं नावच 'हास्याचा कारखाना' अशा अर्थाचं आहे. कर्मचाऱ्यांमधली उतरंड त्याने टिपली आहे. मार्गदर्शक वरच्या पायरीवर, खाद्यपदार्थ विकणारे तळाशी. उर्मट पाहुण्याचा पट्टा जरा जास्तच आवळायचा, किंवा एकत्र आलेल्या मंडळींची मुद्दाम ताटातूट करून वेगवेगळ्या गाड्यांत बसवायचं, असे छुपे सूडही त्याने सांगितले आहेत. हसण्याची सक्ती झाली की राग कुठून तरी वाट काढतोच!

सक्ती केवळ हसण्याची नव्हती. कित्येक वर्षं पुरुष कर्मचाऱ्यांना मिशी ठेवायला बंदी होती. स्वतः वॉल्ट डिस्ने यांना मिशी होती हे विशेष! मिशीला परवानगी मिळाली २००० साली आणि दाढीला २०१२ मध्ये. सुरुवातीला गर्दीचा हंगाम सरला की आठवड्यातले एक-दोन दिवस बाग बंद असे. १९८५ पासून ती सोयही गेली आणि बाग वर्षभर रोज उघडी राहू लागली. त्याआधीच्या वर्षी, १९८४ च्या सप्टेंबरात, वेतनाच्या प्रश्नावर सुमारे अठराशे कामगार बावीस दिवस संपावर होते.

पण खरा प्रश्न जिवाचा होता. जुलै १९७४ मध्ये, उन्हाळी सुट्टीच्या ऐन हंगामात, फिरत्या नाट्यगृहातल्या नव्या खेळावरची अठरा वर्षांची एक कर्मचारी मुलगी फिरती भिंत आणि स्थिर भिंत यांच्यामध्ये सापडून मरण पावली. तो खेळ सुरू होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. त्यानंतर तिथे धोक्याचे दिवे आले आणि दाब येताच मोडून पडतील अशा भिंती आल्या.

दुसरी घटना २४ डिसेंबर १९९८ ची, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवसाची. 'कोलंबिया' नावाचं शिडाचं जहाज धक्क्याला लागत होतं. जहाज पुरतं थांबण्याआधीच त्याच्या खुंट्यात दोर अडकवला गेला. पूर्वी तिथे ताण आला की तुटणारा तागाचा दोर असे. काटकसरीसाठी त्या जागी नायलॉनचा आला होता. तो ताणला गेला, तुटला मात्र नाही, आणि त्याने लोखंडी खुंटाच उखडून काढला. त्या आघाताने एक पाहुणा दगावला. दोर टाकणारी कर्मचारी स्त्रीही जबर जखमी झाली. तिला या कामाचं पुरेसं प्रशिक्षण मिळालं नव्हतं, असं चौकशीत निघालं. कंपनीला साडेबारा हजार डॉलर दंड झाला. बहुतेक खेळांवर अनुभवी प्रमुख कामगार पुन्हा नेमले गेले.

याहून महत्त्वाचं म्हणजे कायदा बदलला. तोवर कॅलिफोर्नियात गावोगाव फिरणाऱ्या जत्रेतल्या पाळण्यांची सरकारी तपासणी होत असे, पण कायमच्या उद्यानांतल्या खेळांची होत नसे. १९९९ च्या कायद्याने तीही बंधनकारक केली.

आपल्याकडे १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. मार्वेहून बोटीने तिथे जाण्याचं अप्रूप मुंबईकरांच्या दोन पिढ्यांना होतं. २०२२ मध्ये ते बंद पडलं. खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका आलं. आपल्या आठवणींच्या छायाचित्रांत पाळणे आहेत, मुलं आहेत, पण पट्टा बांधणारा हात मात्र चौकटीबाहेरच राहिलेला आहे.

मे २०२४ मध्ये डिस्नेलँडमधल्या एका गटाने मतदान केलं. मिकी माऊससारख्या पात्रांचे पोशाख घालणारे आणि मिरवणुकीत नाचणारे हे कर्मचारी. त्यांनी नटांच्या कामगार संघटनेत जाण्याचा कौल दिला. १९५५ पासून मालक त्यांना 'नट' म्हणत होते. नटाचे हक्क मागायला मात्र एकोणसत्तर वर्षं जावी लागली. येत्या सुट्टीत रांग लांबली आणि आपला आवाज चढू लागला, तर समोरचा माणूस सकाळपासून किती वेळ उभा आहे, एवढं विचारायला काय हरकत आहे?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)